छत पांढरं करायचं होतं, एवढंच

व्हरांड्याचं छत रंगवणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. शिडी लावायची, जुना रंग खरडायचा, नव्याचे दोन हात द्यायचे आणि दुपारी पायरीवर बसून मान चोळत गार चहा प्यायचा. मी छपन्न वर्षं कोळंबीच्या बोटीवर काढली. बोटीला दर वर्षी रंग लागतो, तेव्हा रंगातलं मला कोणी शिकवायला नको. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात मला रंग सोडून बाकी सगळं शिकवायला गावातला एकूणएक माणूस येऊन गेला.

छत निळं होतं. आमच्या टॅबी क्रीक गावात सगळ्यांचीच व्हरांड्याची छतं निळी. भरतीच्या पाण्यावर सकाळचं आभाळ पडावं तसा फिकट निळा. भुताला पाणी ओलांडता येत नाही. ते पायऱ्यांपाशी येतं, वर बघतं, त्याला वाटतं पुढे खाडी आहे, आणि आल्या पावली परत जातं. इतकं साधं आहे. दारं-खिडक्यांच्या चौकटींनाही आम्ही तोच निळा लावतो, कारण काही भुतं पुढच्या दारानं येण्याच्या वळणाची नसतात.

मला ते छत पांढरं करायचं होतं. माझी बायको व्हर्मेल मागच्या जूनमध्ये गेली, आणि अकरा महिने झाले तरी एकदाही घरी आली नव्हती.

इतरांच्या येतात. चर्चचे डीकन प्रिओलो यांच्या युलालीबाई दर मंगळवारी येऊन त्यांचा चष्मा लपवतात. पोस्टमनची आई भांड्यांची आवराआवर करून जाते. माझ्या शेजारी मिस ओझेला मॅझिक राहतात, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांचा नवरा रूफस तर जिवंत असताना जितका घरी सापडायचा नाही तितका आता सापडतो, स्वयंपाकघरात त्याच्या तंबाखूचा वास येतो आणि त्या हातातलं लाटणं आपटून म्हणतात, "बाहेर जाऊन ओढ!" रविवारी चर्च सुटलं की सगळे पायऱ्यांवर थांबतात आणि आपापल्या मेलेल्या माणसांची खुशाली सांगतात. माझी पाळी आली की मी टोपी झटकायला लागायचो.

"काय रे हेझी," मिस ओझेला सगळ्यांदेखत विचारायच्या, "व्हर्मेल येऊन गेली का?"

"नाही."

"स्वप्नात तरी?"

"नाही."

"बाई बाई! शेहेचाळीस वर्षं संसार केलात ना रे? भांडून गेली की काय?"

"मिस ओझेला, ती भाजी निवडताना बसल्या जागी गेली. भांडायला वेळ कुठे होता?"

"त्या दिवसाचं नाही विचारत मी. आधीचं काही असेल." आणि मग त्या डीकनकडे बघून अशी मान हलवायच्या की जणू माझ्या घरात शेहेचाळीस वर्षं काय चाललं होतं ते आता कुठे उघडकीला आलं.

मुलगी अटलांटात, मुलगा सैन्यात, पार जर्मनीत. दोघं फोन करतात. फोनवर मी "मजेत आहे" म्हणतो. घरात बोललेला दिवसातला तेवढाच शब्द, हा हिशेब त्यांना कशाला सांगा.

एका संध्याकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत मान मागे टाकून बसलो होतो, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. ते छत मीच रंगवलं होतं! तीन वर्षांपूर्वी, व्हर्मेलच्या हुकमावरून. ती खाली कमरेवर हात ठेवून उभी, मी शिडीवर. "तिथे राहिलंय. अरे तिथे! डोळे कुठे आहेत तुझे?" दोन हात झाल्यावर तिनं तिसरा द्यायला लावला होता. म्हणजे आता ती रोज संध्याकाळी बटवा काखेत मारून पायऱ्यांपाशी येत असणार, वर बघत असणार, तिला पाणीच पाणी दिसत असणार. आणि व्हर्मेलला पोहता येत नव्हतं. कोळ्याची बायको असून जन्मभर तिला पाण्याची धास्ती. माझ्या बोटीवर ती लग्नानंतर एकदा चढली, तेही बोट धक्क्याला बांधलेली असताना. अशा बाईच्या वाटेत मी तीन हातांची खाडी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावली.

चार फळ्या खरडून झाल्या असतील. खालून आवाज आला, "मिस्टर चिझम! थांबा! काय करताय हे?"

हे मिस्टर डॉर्नबुश. समोरच्या घरात राहतात. निवृत्त होऊन ओहायोहून इथे आले, त्याला तीन वर्षं झाली. बायको ओहायोतच राहिली. कबरीत की दुसऱ्याच्या घरात, हे अजून कोणी विचारलेलं नाही. त्यांना इतिहासाचं वेड आहे. ओकच्या झाडांवरून लोंबणारं करडं शेवाळ, जुनी दारं, मोडकी कुंपणं, सगळ्यांचे फोटो काढत फिरतात. माझ्या घराचा पाया कालवांचे शिंपले आणि चुना एकत्र कुटून केलेला आहे. त्याच्याशी ते गुडघ्यांवर बसून बोलताना मी पाहिलेत.

"खरडतोय," मी म्हणालो.

"पण ते छत ऐतिहासिक आहे!"

"मीपण आहे, मिस्टर डॉर्नबुश. माझ्यासाठी कोणी असं शिडीखाली येऊन ओरडत नाही."

त्यांनी दाराशेजारच्या पितळी पाटीकडे बोट केलं. खरं सांगायचं तर त्या पाटीचं मला भानच राहिलं नव्हतं. माझ्या पणजोबांनी गुलामी सुटल्यावर आपल्या हातांनी हे घर बांधलं, म्हणून साऊथ कॅरोलायना राज्याच्या यादीत त्याचं नाव आहे. पाटी द्यायला कमिटी आली तेव्हा व्हर्मेलनं त्यांना रताळ्याची गोड पेस्ट्री खाऊ घातली आणि चाळीस पानी करार शेवटपर्यंत वाचून काढला. मी एकसष्टाव्या वर्षी अक्षरं शिकलो, चर्चच्या तळघरात, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन. त्यामुळे लांबलचक कागद आला की मी तो तिच्याकडे सरकवायचो. तिनं बोटानं जागा दाखवली, मी सही केली. एकतिसाव्या पानावर 'रंग बदलता येणार नाही' असं होतं. तिनं ते नक्की वाचलं असणार. पण असं छत आपल्यालाच आडवं येईल हे तिच्या तरी कशाला मनात येईल?

दुपारी दारावर नारिंगी कागद चिकटला. काम थांबवा. पुढच्या गुरुवारी वारसा मंडळाच्या कार्यालयात या.

कार्यालयातल्या बाई तरुण होत्या आणि अत्यंत गोड. आमच्याकडे गोड बोलणाऱ्या माणसापासून जपून राहावं लागतं; कडू बोलणारा निदान लवकर संपवतो. त्यांनी चौदा पानी अर्ज दिला. घराचे चारी बाजूंनी फोटो जोडा. नकाशा जोडा. शेजाऱ्यांची संमती जोडा. नव्या रंगाचा नमुना जोडा.

"पांढरा," मी म्हणालो.

"हो काका, पण कुठला पांढरा?" आणि त्यांनी माझ्यासमोर पंख्यासारखी एक पट्टी उघडली. अडतीस पांढरे! आयुष्यभर मला पांढरा एकच माहीत होता. मी हलक्या हातानं एकावर बोट ठेवलं. बाईंनी मागचं नाव वाचलं. "छान निवड आहे. 'शांत गिलावा'."

अर्जातला सातवा प्रश्न: बदल करण्याचं कारण सविस्तर लिहा. त्याखाली चार रेघा. त्या चार रेघांपुढे मी तीन संध्याकाळी बसलो. 'बायको आत येऊ शकत नाही' असं एकदा लिहिलं. मग वाचलं. लिहिलेली गोष्ट बोललेल्या गोष्टीपेक्षा फार वेडगळ दिसते. उशिरा शिकलेल्या माणसाला हे चटकन कळतं. तो कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं: 'घरगुती.' उरलेल्या साडेतीन रेघा कोऱ्या सोडल्या.

इकडे संमतीसाठी मिस ओझेलांकडे जावं लागलं, आणि त्यांच्याकडे गेलं की संमती मिळो न मिळो, सल्ला मिळतोच. त्यांना कारण सांगावंच लागलं. त्या टोमॅटोतला लाल भात ढवळत होत्या. ढवळायच्या थांबल्या.

"अरे हेझी! मग नुसतं छत पांढरं करून काय होणार? तुझ्या अंगणात ते बाटल्यांचं झाड आहे ना?"

आहे. देवदाराच्या वठलेल्या फांद्यांवर निळ्या बाटल्या अडकवलेल्या. भूत आत शिरतं आणि अडकून बसतं.

"कोण जाणे, बिचारी बाटलीतच बसलेली असेल!" मिस ओझेला म्हणाल्या. "आणि दाराशी आडवा झाडू ठेवतोस की नाही? भुताला त्याच्या काड्या मोजल्याशिवाय आत येता येत नाही. व्हर्मेल कोळंबीच्या शेडमध्ये वीस वर्षं पेट्या मोजायला होती. ती काय काड्या सोडते? आणि मागच्या खोलीच्या भिंतींना तुझ्या आजीनं लावलेली वर्तमानपत्रं! भुताला अक्षरन् अक्षर वाचावं लागतं. दुसरी एखादी बाई वरवर वाचून पुढे सरकेल. पण व्हर्मेल? जाहिरातीसुद्धा वाचत बसेल ती!"

यातलं खोटं काहीच नव्हतं. जन्मभर घराला एवढे अडसर घातलेत हे मला एकत्र कधी दिसलं नव्हतं. घरी आलो, बाटल्या एकेक करून उतरवल्या. प्रत्येकीत डोकावून "व्हर्मेल?" असं हळूच विचारलं. एकीतून पाल निघाली. झाडू मागे नेऊन ठेवला. वर्तमानपत्रं ओली करून काढायला गेलो तर त्यांच्याबरोबर भिंतीची अर्धी फळी हातात आली, आणि फळीमागून वाळवी. वाळवीला मंडळाची परवानगी लागत नाही, ती आपली चाळीसेक वर्षं शांतपणे काम करत असावी.

मग गांधीलमाशा आल्या. निळा रंग भुतांना अडवतो याबद्दल ओहायोच्या लोकांना शंका असेल, पण गांधीलमाशी त्या छताखाली घर करत नाही हे मी स्वतः चौऱ्याहत्तर वर्षं बघतोय. त्यांनाही ते आभाळ वाटतं. खरडलेल्या चार फळ्या त्यांनी कुठून हेरल्या देव जाणे. तीन दिवसांत वाटीएवढं पोळं झालं. मी खाली उभा राहून ते निरखत होतो तेवढ्यात एक थेट डाव्या पापणीवर.

संध्याकाळपर्यंत डोळा मिटला. मिस ओझेला कांदा घेऊन आल्या. कांदा चोळता चोळता म्हणाल्या, "मला एक सुचलंय. तुझ्या अर्जावर मी सही नाही करणार."

"का?"

"तू व्हर्मेलसाठी दार उघडतोयस. पण उघडं दार सगळ्यांनाच उघडं. उद्या रूफस तुझ्या व्हरांड्यात येऊन बसला तर? तुझी खुर्ची त्याला फार आवडायची."

"मग येऊ दे की. तुमच्या स्वयंपाकघरातला वास जाईल."

त्यांचा हात थांबला. कांदा माझ्या उघड्या डोळ्यापाशी होता.

"तो वास माझा आहे, हेझी," त्या म्हणाल्या, आणि कांदा तिथेच ठेवून निघून गेल्या.

माणसाच्या तोंडून असा एखादा विनोद निघतो की त्याचं तोंड पुढे आठवडाभर कडू राहतं. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दोनदा कुंपण तपासल्यासारखं करून परत आलो.

दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं की हेझेकाया चिझम भुतांसाठी फाटक काढतोय. डीकन स्वतः येऊन म्हणाले, "ब्रदर चिझम, तुमचं दुःख आम्ही जाणतो. पण शेवटी कोपऱ्यावरचं घर तुमचं. कोपऱ्यावरचा माणूस सगळ्या गल्लीचा पहारेकरी असतो." बावन्न साली वादळात खाडीत बुडालेले सात जण अजून कुणाच्या तरी दाराच्या शोधात आहेत, अशीही कुणीतरी आठवण दिली. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. पण माझ्याकडे खुर्च्या दोनच आहेत.

मंडळापुढे अर्जाची सुनावणी होती, त्या दिवशी मी रविवारचा कोट घातला. एक डोळा मिटलेला. नगरभवन म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. भिंतीत अजून कापसाची बोंडं सापडतात म्हणे, म्हणून तिला खिळा ठोकायलाही परवानगी लागते; त्यामुळे खुंट्या नाहीत, सगळ्यांचे कोट मांडीवर. पंखा जुना, म्हणून संरक्षित, म्हणून बंद.

मंडळाच्या अध्यक्षा मिसेस टिल्गमन. उंच, पांढऱ्या केसांच्या, मोत्यांची माळ. त्यांच्या घराण्याचं शेत आणि माझ्या घराण्याची पाठ यांचा दोनशे वर्षांचा संबंध आहे. तो दोघांनाही माहीत आहे, त्यामुळे आम्ही एकमेकांशी फारच अदबीनं बोलतो.

आधी मिस्टर डॉर्नबुश उठले. वारसा, ओळख, पुढच्या पिढ्या वगैरे बोलले. मग मिस ओझेला उठल्या आणि म्हणाल्या, "हे ओहायोवाले म्हणतात ते बरोबर आहे." तीन वर्षांत त्या गृहस्थांना गावात कोणी बरोबर म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. इतिहासवाले आणि भूतवाले एका बाकावर बसले, आणि मी समोरच्या बाकावर एकटा.

मग विद्यापीठातून रंगतज्ज्ञ बाई आल्या होत्या त्या उठल्या. मंडळानं त्यांना माझ्या छताचा तुकडा तपासायला दिला होता. त्या नखाएवढी खपली काचेत धरून आनंदानं नुसत्या थरथरत होत्या. "निळ्याचे एकोणीस थर!" त्या म्हणाल्या. "आणि सगळ्यात खालचा थर दुकानातला नाहीच. चुना, दूध आणि निळीच्या हौदातला तळाचा गाळ. पहिला मालक नीळ करणाऱ्यांपैकी कुणाचा तरी वंशज असला पाहिजे."

"माझे पणजोबा," मी म्हणालो. "त्यांची आजी निळीच्या हौदात उभी राहायची. मरेपर्यंत तिचे पाय निळे होते."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी म्हणतील की ज्याच्या घरच्यांचे पाय त्यात बुडले त्याला त्या रंगाचं काय करायचं ते करू द्या. पण तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "म्हणजे या छताला हातसुद्धा लावता कामा नये!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या छताचं पुण्य वाढत होतं आणि व्हर्मेलसमोरची खाडी रुंद होत चालली होती.

मिसेस टिल्गमन यांनी माझा अर्ज वर धरला. "मिस्टर चिझम, सातव्या प्रश्नाला तुम्ही 'घरगुती' एवढंच लिहिलंय. मंडळाला कारण कळलं पाहिजे. गळती आहे? लाकूड कुजलंय?"

"होय मॅडम, कुजलंय," म्हणायचं मी घरून ठरवून आलो होतो. उठलो. समोर बाक भरून माणसं. मिटलेल्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते गांधीलमाशीचं.

"लाकूड ठणठणीत आहे, मॅडम," मी म्हणालो. "माझी बायको बाहेर आहे. तिला पोहता येत नाही."

एवढंच बोललो आणि खाली बसलो. मला वाटलं होतं कुणीतरी हसेल. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. डीकन प्रिओलो खोकले. मिस्टर डॉर्नबुश शेजारी मिस ओझेलांना हळूच काहीतरी विचारत होते; त्या त्यांच्या कानाशी लागून बराच वेळ बोलल्या. मग ते आपल्या बुटांकडे बघत बसले.

मिसेस टिल्गमन नियमांचं पुस्तक चाळत राहिल्या. खरंच शोधत होत्या. मला ते दिसत होतं. शेवटी पुस्तक मिटून म्हणाल्या, "मिस्टर चिझम, यासाठी कलम नाही. मला वाईट वाटतं. खरडलेला भाग तीस दिवसांत पूर्ववत निळा करावा लागेल." मग थोडं थांबून, माळेतला एक मोती बोटांत फिरवत म्हणाल्या, "आमचा अधिकार छपराच्या आढ्यापासून शेवटच्या पायरीपर्यंत. त्यापलीकडे तुम्ही काय करता ते विचारायचा मंडळाला हक्क नाही."

मला ते सरकारी बोलणं वाटलं. मी "थँक यू, मॅडम" म्हणालो आणि कोट घालून निघालो.

मिस ओझेला माझ्याबरोबर चालायला लागल्या. कांद्यानंतर पहिल्यांदाच. खाजणात ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलाचा वास सुटला होता आणि काळोख्या बांधांवर कालवं टकटक करत शिंपले मिटत होती.

"मला काय वाटतं सांगू?" त्या म्हणाल्या. "छताचं काही नाही रे. ज्यांचं काही राहिलंय तेच येतात. रूफसला मी कधी धड बोलू दिलं नाही, म्हणून तो येतो. युलालीला डीकननी सुखानं जेवू दिलं नाही. व्हर्मेलचं काही राहिलंच नसेल. ही काही लाजेची गोष्ट नाही, हेझी. मीच मूर्ख, रविवारी सगळ्यांत विचारत होते."

"तिचं नसेल राहिलं, मिस ओझेला," मी म्हणालो. "माझं राहिलंय."

"काय राहिलंय तुझं?"

मी आठवून बघितलं. माफी मागण्यासारखं मोठं काही नव्हतं. सांगायचं राहून गेलेलं गुपितही नव्हतं.

"काही नाही. रोजचंच," मी म्हणालो.

आम्ही त्यांच्या फाटकापर्यंत आलो. त्या म्हणाल्या, "लाल भात उरलाय. नेतोस?" मी नेला.

शनिवारी छत निळं करायला घेतलं. धूर करून पोळं काढलं. मिस्टर डॉर्नबुश न बोलावता आले आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभे राहिले. शिडी अगदी घट्ट होती, कुणी धरायची गरज नव्हती, पण मी तसं म्हणालो नाही. तेही एकदासुद्धा 'ऐतिहासिक' म्हणाले नाहीत. मी पहिली फळी रंगवली, दुसरी रंगवली. एवढं मन लावून मी बायकोच्या तोंडावर दार लावत होतो. चौथ्या फळीशी ब्रश हातात तसाच धरून मी खाली पायऱ्यांकडे बघितलं.

शेवटच्या पायरीपर्यंत.

मंडळाचा अधिकार तिथपर्यंत. पण रंगाचा तरी त्यापुढे कुठे होता? पाणी ओलांडायला तिला बंदी होती. मला कुणी केली होती? छपन्न वर्षं रोज पहाटे पाण्यात उतरणारा मी माणूस, आणि अकरा महिने कोरड्या व्हरांड्यात बसून ज्या बाईला पोहता येत नाही तिनं पलीकडून यावं म्हणून वाट बघत होतो! एवढा अडाणीपणा अक्षरं येत नव्हती तेव्हाही मी केला नव्हता.

"काय झालं?" खालून मिस्टर डॉर्नबुश म्हणाले. "तिथे राहिलंय का?"

"नाही," मी म्हणालो. "आलो खाली."

संध्याकाळी व्हरांड्यातल्या दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि पायऱ्या उतरून पलीकडे अंगणात, खाजणाकडे तोंड करून मांडल्या. एकीत मी बसलो. वर छत नव्हतं. खरोखरचं आभाळ होतं, ते काही कुणाला अडवत नाही. बारीक चिलटं कानात शिरत होती. मी रोजचंच बोलायला सुरुवात केली. डोळा आता बरा आहे. मागच्या भिंतीला वाळवी लागली, तुझ्या कपाटापर्यंत गेली नाही. मुलाचा फोन आला होता. ओझेलाचा भात नेहमीसारखा खारट. आधी ओठांतल्या ओठांत बोलत होतो, मग आवाज आपोआप मोठा झाला.

पाठीमागे पाचोळा वाजला. मी वळलो नाही. अशा वेळी एकदम वळू नये म्हणतात.

"मिस्टर चिझम?" ओहायोचा आवाज. "मी आवाज ऐकून... तुम्ही बाहेर बसलात म्हणून आलो." ते दुसऱ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. हात खुर्चीच्या पाठीवर ठेवणार होते, मग मागे घेतला. "इथे कोणी बसलंय का?"

"अजून नाही," मी म्हणालो. "पण जागा धरून ठेवलीय."

त्यांनी मान डोलावली. घरी जातील असं वाटलं. गेले नाहीत. रिकाम्या खुर्चीला वळसा घालून ते पलीकडे गेले आणि तिच्यापासून जरा अंतर राखून, चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखे, अलगद गवतावर बसले.

तिथे लाल मुंग्यांचं वारूळ आहे. सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तो माणूस इतक्या अदबीनं बसला होता की मध्ये बोलावंसं वाटलं नाही. एक मिनिट गेलं असेल. मिस्टर डॉर्नबुश बसल्या जागेवरून जे उठले ते थेट हवेत, आणि पँटवर दोन्ही हातांनी चापट्या मारत खाजणापर्यंत धावत गेले आणि परत आले.

मी हसलो. पोट धरून हसलो. हसू आलं की माणूस शेजारी बघतो, हिनं बघितलं का म्हणून. शेहेचाळीस वर्षांची सवय. मीही बघितलं.

खुर्ची रिकामी होती. तरी मी जरा वेळ तिकडेच बघून हसत राहिलो.